तागडीचा पासंग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचे चिरंजीव अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. महिन्यातून एखाद्या शनिवारी ते अमरावतीला येत, दोन दिवस आईच्या हातचे जेवत, मळक्या कपड्यांची पिशवी रिकामी करत आणि रविवारी सायंकाळी बडनेऱ्याहून परतीची गाडी धरत. या क्रमात माझ्याशी बोलण्याचा कार्यक्रम सहसा नसे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. त्याच्या वयाचा असताना मी माझ्या वडिलांशी जेवढा बोलत असे, त्या मानाने तो माझ्याशी पुष्कळच बोलतो. परंतु त्या शनिवारी जेवणे आटोपल्यावर तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसला, थोडा वेळ बाहेरच्या पावसाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी तिला भेटणं बंद केलं आहे. परीक्षा होईपर्यंत. फोनसुद्धा नाही."

'ती' कोण हे मला ठाऊक होते. मुलाने ते आईला सांगितले होते आणि आईने मला, तेही अर्ध्या वाक्यात. "त्याच्याच वर्गातली आहे, वाशिमकडची, हुशार आहे म्हणे, आपल्यातली नाही." वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्यावर सोपवून ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. मीही तो पुरा केला नव्हता. घराघरांत अशी अर्धी वाक्ये पडून असतात, आणि माणसे त्यांना वळसा घालून वर्षानुवर्षे वावरत असतात.

लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा तीन महिन्यांवर आली होती. मुलाने आपण होऊन संयम पत्करला, यापरते समाधान बापाला कोणते? 'बरे केलेस' एवढे दोन शब्द मी बोलावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. मी ते बोलायला तोंड उघडले आणि शब्द फुटेना. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. खरे सांगायचे तर ते मीच उच्चारले होते. "पाहू," एवढे म्हणून मी उठलो आणि त्या रात्री पुष्कळ वेळ जागा राहिलो.

गेली तीस वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवतो आहे. या काळात अभ्यासक्रम बदलले, वार्षिक परीक्षा जाऊन सत्रपरीक्षा आल्या, फळ्यावरचा खडू जाऊन भिंतीवर चित्रे पाडणारे यंत्र आले. पण एक प्रश्न बदलला नाही. दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी तास संपल्यावर घुटमळत मागे राहतो आणि आडवळणाने विचारतो, "सर, या सगळ्याचा बॅलन्स कसा ठेवायचा?" 'या सगळ्याचा' म्हणजे कशाकशाचा, हे तो सांगत नाही, ते त्याच्या कानांच्या पाळ्या सांगतात. एकीकडे अभ्यास, दुसरीकडे मन जडलेले एक माणूस, आणि उरलेल्या वेळावर हक्क सांगणारी मित्रमंडळी, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, घरचे लग्नकार्य. या तिहींच्या ओढाताणीत विशीतल्या जिवाची जी त्रेधा उडते, तिच्यावर मी आजवर एकच ठराविक औषध देत आलो: वेळापत्रक. दिवसाचे चोवीस तास. त्यांतले सात झोपेचे, सहा वर्गांचे, पाच अभ्यासाचे, आणि उरतील त्यांत काय ते बाकीचे. विद्यार्थी मान डोलावून जात, आणि माझ्या माहितीत या औषधाने आजवर एकही रोगी बरा झालेला नाही.

त्या रात्री मला वाटले, वैद्याला रोगच कळलेला नाही. 'बॅलन्स' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, पण तराजू हाताळलेली माणसे आता आपल्यांत किती उरली आहेत? मी ती पाहिली आहेत. माझे वडील अकोल्यात एका भुसारी दुकानावर मुनीम होते. तूर, ज्वारी, सरकी यांच्या वासाने भरलेल्या त्या दुकानात शाळा सुटल्यावर मी जाऊन बसत असे. गिऱ्हाइकाचा माल मोजायच्या आधी वडील रिकामी तागडी उचलून दांडी डोळ्यांच्या रेषेत धरत. दोन्ही पारडी रिकामी असली तरी ती सारख्या उंचीवर राहतीलच असे नसे. एक जराशी खाली, एक जराशी वर. मग हलक्या बाजूच्या साखळीत ते एखादा खिळा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा अडकवत. त्यालाच पासंग म्हणतात. मी उतावीळपणाने माप टाकू लागलो की ते म्हणत, "पहिले पासंग पाय बाप्पा, मंग मालाचं बोल." एखाद्यापुढे कोणी अगदीच क्षुद्र ठरला तर 'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो, पण या क्षुद्र तुकड्यावाचून दुकानातले एकही माप खरे ठरत नसे, हे बोलताना आपण विसरतो. तागडीची दांडी आणि वर्गाची दांडी यांचा संबंध मात्र मला पुढे अमरावतीला आल्यावर कळला.

मी अमरावतीला आलो १९८९ साली. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ चे, म्हणजे तेव्हा सहा वर्षांचे पोर. पण आमचे महाविद्यालय मात्र जुने. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज या नावाने ते निघाले आणि पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. अकोल्याच्या मुनिमाच्या मुलाला त्या इमारतीच्या ऐसपैस व्हरांड्यांतून चालताना आपल्या चपलांचा आवाजही मोठा वाटे. राजापेठेतल्या एका जुन्या वाड्यात मी आणि दर्यापूरकडचा एक सोबती खोली घेऊन राहत होतो. त्याचा डबा गावाहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येई आणि तो आम्ही दोघे खात असू. डब्यातली भाकरी दुपारपर्यंत वाळून जाई, पण ठेच्याची धार तिच्या वाळण्याने कमी होत नसे. सायंकाळी सहा-सात जणांचा आमचा मेळा वडाळीच्या तलावाकडे फिरायला निघे. वाटेत जगातल्या सर्व प्रश्नांचा निकाल लागे आणि परतताना चहाचे पैसे कोणी द्यायचे, हा एकच प्रश्न शिल्लक राही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वर्णन करणार नाही. या वयात ते शोभणार नाही, आणि वर्णन करावे असे तिच्या रूपात काही होते की माझ्या डोळ्यांत, हे आज मला सांगता येणार नाही. ग्रंथालयात एकच पुस्तक दोघांनाही हवे होते, एवढ्यावरून ओळख झाली. मग पुस्तके एकमेकांना देणे सुरू झाले, पुस्तकांतून चिठ्ठ्या जाऊ लागल्या, आणि चिठ्ठ्यांत पुस्तकांविषयी असणारा मजकूर हळूहळू कमी होत गेला. दोन वर्षे हे चालले. आमच्या मेळ्यातल्या एकालाही मी याचा पत्ता लागू दिला नाही. खोलीतल्या सोबत्यालाही नाही. तो एकदा मला म्हणाला होता, "काहून बे, पुस्तक उलटं धरून वाचून राह्यला का?" मी हसून विषय बदलला. तिच्या घरी कोणाला माहीत नव्हते. माझ्या घरी कळले असते तर काय झाले असते, याची कल्पनासुद्धा मी करत नव्हतो. आम्ही एका जातीचे नव्हतो.

लपवून ठेवलेली गोष्ट वेळ फार खाते, हे मला तेव्हा उमगले नाही. प्रत्यक्ष भेट दहा मिनिटांची असे. पण ती कोठे व्हावी, कोणाच्या दृष्टीस पडू नये, उशिराचे कारण कोणाला काय सांगावे, या विवंचनेत अर्धा दिवस जाई. पुस्तक समोर उघडे असे आणि मन राजकमल चौकातल्या गर्दीत ओळखीचे चेहरे हुडकत असे. पदवीच्या शेवटच्या वर्षी सहामाहीचा निकाल लागला तेव्हा माझे गुण घसरलेले होते. मी ताबडतोब निदान केले: दोष प्रेमाचा. आणि १९९२ च्या जानेवारीत एके दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मी तिला सांगितले, "परीक्षा होईपर्यंत आता भेटायला नको. परीक्षा झाली की बोलू."

तिने विचारले, "आणि नंतर?"

"नंतर पाहू."

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन मी खोलीवर आलो, वळकटी बांधली आणि त्याच दुपारच्या एस.टी.ने अकोला गाठले. तिला पत्र लिहिले नाही. पहिला वर्ग मिळाला; वडिलांनी दुकानात पेढे वाटले; मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून 'पोराने मन मारून अभ्यास केला' असे सांगितले, आणि ते मी खरे मानले. पुढे पुष्कळ वर्षे मी आपल्या मनाशी या गोष्टीला त्याग हे नाव देत आलो. अभ्यासासाठी प्रेमाचा त्याग! शब्द भारदस्त होता आणि तो पांघरून मला झोपही चांगली लागे.

ते पांघरूण निघाले साताठ वर्षांपूर्वी. प्रवेशाचे दिवस होते. आमच्या विभागापुढे मुलांची व पालकांची रांग लागली होती. एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. अर्जावरचे नाव वाचून मला काही बोध झाला नाही. मान वर केली तेव्हा झाला. कागद तपासून मी सही केली. मुलगी पुढच्या टेबलाकडे गेली, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी शांतपणे, किंचित हसून म्हणाल्या, "काय सर, झाली का परीक्षा?"

एवढेच. त्यात राग नव्हता. रांगेतला पुढचा मनुष्य अर्ज पुढे करून उभा होता. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. पण त्या दिवसापासून त्याग हा शब्द मला आपल्या बाबतीत वापरता आलेला नाही. माझ्या मार्गात अभ्यास आडवा आलाच नव्हता. मी वडिलांना भीत होतो, आणि वडील आपल्या समाजातल्या चार माणसांना भीत होते. ती भीती उच्चारण्याची लाज वाटत होती म्हणून मी अभ्यासाला पुढे केले. अभ्यास बिचारा गरीब; कोणीही त्याच्या नावावर काहीही खपवावे.

नंतर केव्हातरी मी 'कुसुमानिल' पुन्हा वाचायला घेतले. वाचकांपैकी अनेकांना हे पुस्तक परिचयाचे असेल. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा हा पत्रव्यवहार १९७२ साली, म्हणजे कुसुमावतींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आम्हा वऱ्हाडी माणसांना या दोघांविषयी घरोबा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म १९०१ सालचा, मूर्तिजापूरचा. कुसुमावती जयवंत यांचा १९०४ सालचा, अमरावतीचा. अकोल्याहून अमरावतीला येताना मूर्तिजापूर वाटेतच लागते. दोघांची गाठ मात्र पडली ती पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या दिवसांत. तेव्हा दोघेही विद्यार्थी होते, जाती वेगळ्या होत्या, आणि काळ १९२० नंतरच्या दशकाचा होता.

त्यांनी काय केले? सन आणि साले पाहिली तरी पुरे. अनिलांनी बी.ए. आणि कायद्याची परीक्षा पुरी केली. कुसुमावतींनी १९२६ साली नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्या इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठी थेट लंडनला गेल्या. त्या काळी तिकडची टपाल बोटीने यायची. एका प्रश्नाचे उत्तर हाती पडायला महिना उलटायचा. १९२९ साली त्यांनी तेथील पदवी मिळवली आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. पुढे त्यांनी नागपुरात जवळजवळ तीस वर्षे इंग्रजी शिकवले. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि हा मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याआधी तीन वर्षे, मालवणच्या संमेलनात, अनिल अध्यक्ष झाले होते. या हकिकतीत अभ्यासाने प्रेमाला किंवा प्रेमाने अभ्यासाला कोठे बाहेर काढलेले दिसत नाही. ज्या टेबलावर पुस्तक, त्याच टेबलावर पत्र. आणि पत्रात ओढीइतकीच वाचनाचीही चर्चा. माझ्याही चिठ्ठ्यांची सुरुवात पुस्तकांपासूनच झाली होती. पुढे त्यांतून पुस्तके नाहीशी झाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

आणि मग माझे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे गेले. कुसुमावतींनी आपल्या समीक्षालेखांचा संग्रह १९५४ साली काढला, त्याचे नाव त्यांनी ठेवले 'पासंग'. मी ते पुस्तक कितीदा शिकवले असेल. पण अकोल्याच्या दुकानातला तो खिळा आणि हे नाव यांची सांगड माझ्या डोक्यात कधी बसली नव्हती. ती बसली, आणि विद्यार्थ्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही दिसू लागले असे मला वाटले.

आपण तीन वजने धरून बसतो: अभ्यास, प्रेम आणि लोक. आणि तागडीला पारडी दोनच! म्हणून तिसऱ्याची पहिली गच्छंती होते. परीक्षा आली की मित्र तुटतात, प्रेम आले की ते आणखी तुटतात, आणि घरच्यांशी बोलणे तर त्याआधीच थांबलेले असते. वास्तविक लोक हे तिसरे वजन नव्हेच. तो पासंग आहे. ज्यांच्यापुढे आपले मन उघडे करता येईल अशी चार माणसे, एखादा सोबती, एखादी मावशी, जमल्यास आई-बाप, एवढा लोखंडाचा तुकडा साखळीत असला म्हणजे दांडी सरळ राहते. मग एका पारड्यात काय टाकले आणि दुसऱ्यात काय, याचा खरा हिशेब दिसतो. मी पासंगच काढून फेकला होता. माझ्या त्या दर्यापूरकडच्या सोबत्याला मी ही सर्व कथा पन्नाशी उलटल्यावर सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मले सांगतलं असतं तं मी काय तुया बापाले सांगाले गेलो असतो? चिठ्ठी तरी नेऊन देली असती लेका!"

येथे कोणी म्हणेल की हे सगळे पोट भरलेल्या माणसाचे तत्त्वज्ञान आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. आज अमरावतीत चौकाचौकात अभ्यासिका आहेत. सकाळी सहाला त्यांच्यापुढे सायकली लागतात आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. अकोल्यात शिकवण्यांच्या दारांवर मुलांचे थवे दिसतात. या मुलांपैकी कितीतरी जणांच्या मागे कोरडवाहू शेत असते, कापसाचा किंवा सोयाबीनचा भाव पडलेला असतो, आणि गावाकडून महिन्याला येणारे पैसे कोणत्या खर्चातून वाचवले आहेत हे त्यांना पुरते ठाऊक असते. त्यांच्या लेखी परीक्षा म्हणजे हौस नव्हे, भाकरी आहे. असा मुलगा सायंकाळी मोबाइल बंद करून ठेवतो, तेव्हा त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाही.

परंतु त्याच अभ्यासिकेत बसलेल्या मुलीची तागडी वेगळी असते, हे आम्ही पुरुष फारसे ध्यानात घेत नाही. 'ती शिकते आहे' एवढ्या एकाच सबबीवर तिचे लग्न पुढे ढकललेले असते. अभ्यास ही तिची छत्री. जरा कोठे कुजबूज झाली, कोणी तिला चहाच्या टपरीवर पाहिले, की मुलाला फार तर दोन शब्द ऐकावे लागतात; तिला मात्र पुस्तके गुंडाळून गावी परतावे लागते आणि पुढच्या लग्नसराईत अक्षता पडतात. माझ्या तीस वर्षांच्या हजेरीपटांत अशी काही नावे आहेत, ज्यांच्यापुढे एका विशिष्ट तारखेनंतर फक्त रिकाम्या चौकटी आहेत. त्या चौकटींचे कारण मी कधी विचारले नाही. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी विमलाबाईंशी जातीबाहेर विवाह केला तो १९२७ साली. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. पंजाबरावांनी १९३२ साली स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने या भागातल्या किती घरांत पहिला पदवीधर निर्माण केला, हे आम्ही जयंतीच्या भाषणांतून दरवर्षी सांगतो. मीही सांगितले आहे. भाषण आटोपून, हार काढून ठेवून घरी आलो की ते 'आपल्यातली नाही' हे अर्धे वाक्य जेथे होते तेथेच पडलेले असते.

रविवारी सायंकाळी पाऊस थांबला होता. मुलाला स्कूटरवर मागे बसवून मी बडनेऱ्याला सोडायला गेलो. एरवी तो ऑटोने जातो. "चल, मी येतो," म्हणालो तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. गाडीला अर्धा तास अवकाश होता. फलाटाच्या टोकाशी एका बाकावर आम्ही बसलो आणि मी त्याला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरची ती गोष्ट सांगितली. बापाने मुलाला असे काही सांगणे सोपे नसते. माझी नजर सारखी रुळांकडे जात होती. प्रवेशाच्या रांगेतला तो प्रश्नही मी सांगितला. शेवटी म्हणालो, "तू भेटणं बंद कर किंवा करू नकोस, ते मी सांगणार नाही. एवढंच सांग, हे ठरवताना तिला विचारलंस का?"

तो गप्प बसला. नंतर म्हणाला, "नाही. सांगितलं फक्त."

"आणि परीक्षेचं कारण खरं आहे, की आमचं भय?"

या प्रश्नाला त्याने उत्तर द्यायला फार वेळ घेतला. "थोडं थोडं दोन्ही," तो म्हणाला. मी मनात म्हटले, त्याच्या वयात मला एवढेही खरे बोलता आले नव्हते.

"मग भयापुरतं मी बोलतो," मी म्हणालो. "परीक्षेपूर्वी की नंतर ते तुम्ही ठरवा, पण तिला एकदा घरी घेऊन ये. आईला मी सांगतो." गाडी आली. डब्याच्या दारात उभा राहून तो माझ्याकडे पाहत राहिला. वाकून नमस्कार करावा की हात हलवावा, याचा त्याला निर्णय होईना, तोवर गाडी सुटली.

घरी येऊन मी पत्नीला सर्व सांगितले, माझ्या त्या जुन्या गोष्टीसकट. ती तिला पूर्वीपासूनच ठाऊक होती असे निघाले. दर्यापूरकडच्या वहिनींचे आणि तिचे फोनवर बोलणे होत असते. "येऊ दे," ती म्हणाली. "पण कांदेपोह्यांचा थाट मी करणार नाही. जेवायला येऊ दे." अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग असा पुरा झाला.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाजात ओशाळेपणा होता. त्याने तिला विचारले होते. ती म्हणाली होती की परीक्षा तिचीही आहे, त्याच दिवशी, त्याच पदांसाठी. तुझ्या त्यागाची वार्ता ऐकून माझे दोन दिवस मात्र अभ्यासावाचून गेले. मग तिनेच क्रम ठरवून दिला होता. आठवड्यातले सहा दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात, सगळ्या मित्रमैत्रिणींच्या टेबलावर, समोरासमोर. बोलणे फक्त अभ्यासाचे. रविवारी एक तास बाकीचे. अमरावतीला जेवायला परीक्षेनंतर. "आणि बाबा," मुलगा म्हणाला, "माती परीक्षणाचा भाग तिचा माझ्यापेक्षा पक्का आहे, तो ती मला शिकवणार आहे."

मला हसू आले, आणि हसता हसता मी थबकलो. तिचीही परीक्षा आहे, ही साधी गोष्ट मुलाच्या हिशेबात आली नव्हती. पण त्याला दोन दिवसांत ती कळली तरी. आम्ही एकाच वर्गात होतो, एकाच दालनात मागेपुढे बसून तेच पेपर लिहीत होतो. माझा पहिला वर्ग अकोल्याच्या त्या दुकानात सगळ्यांना पाठ झाला होता. त्या वर्षी तिला किती गुण मिळाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.